शेटे सरांनी न घेतलेली हरकत

शाळेची स्मरणिका निघतीय. ते काम बघणारे दोन मास्तर परवा माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "मंगलताई, शेटे सरांवर दोन पानं लिहून द्या. तुमच्याइतकं त्यांना जवळून कुणी बघितलं न्हाई. फक्त चांगलं चांगलं लिहा." मी बरं म्हणाले. दोन पानं लिहिली, वाचली आणि फाडून टाकली. आदर्श, ऋषितुल्य, ज्ञानतपस्वी, सगळं आलं होतं त्यात, सर तेवढे राहिले होते. आता हे लिहितेय ते स्मरणिकेसाठी नाही. मला सरांचा राग आहे. ते जाऊन दोन वर्षं झाली तरी आहे. तो राग बाजूला ठेवून सरांवर लिहायला मला जमत नाही, काय करू?

माझं कळंबला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सर तिथं पहिल्यांदा आले ते रिटायर झाल्यावर. शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला होता, त्यामुळं मी उठून उभी राहिले. महालिंग शेटे. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. कपाळाला भस्म. खिशात एक लाल पेन आणि एक शिसपेन्सिल. खांद्याच्या पिशवीत भाजलेल्या शेंगा, त्या खायच्या आणि टरफलं स्वतःच्याच खिशात टाकायची. शांताकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, शर्ट धुताना रोज त्यांचा उद्धार करायच्या.

त्यांनी एक जाडजूड वही काउंटरवर ठेवली. "मंगल, हे टाईप करायचं. आणि हे बघ, एक शब्दसुद्धा सुधारायचा नाही."

वहीवर लिहिलं होतं, 'जगाच्या पर्यावरण करारांतले शब्द, आपल्या माणसांच्या भाषेत'. मला हसू आलं. "सर, हे कळंबमधे कोण वाचणार?"

"ज्याच्यावर वेळ येईल तो वाचील," सर म्हणाले, आणि शेंग फोडली.

ही वही सुरू झाली बालाजीमुळं. बालाजी म्हणजे सरांचा लाडका विद्यार्थी आणि सरांच्याच गावचा. ते गाव माझं माहेर, कळंबपासून एसटीनं पाऊण तास. बालाजी नववीत असताना सर वर्गात शिकवत होते की जगातले सगळे देश एकत्र बसतात, करार करतात, हवा तापू द्यायची नाही असं ठरवतात. बालाजी उभा राहिला. "सर, एवढ्या देशांनी सह्या केल्या, मग ऊन कामून वाढायलंय?" सर "उद्या सांगतो," म्हणाले. आणि तो उद्या पुढं वीस वर्षं चालला. सरांनी ते करार मागवले, इंग्रजीतले, शब्दकोश घेऊन वाचले, आणि त्यांच्या लक्षात आलं की ऊन का वाढतंय त्याचं उत्तर त्या शब्दांतच लपवलेलं आहे.

माझ्या काउंटरवर त्यांनी मला ते करून दाखवलं. ज्या वाक्यात देश बांधला जातो, त्याखाली लाल रेघ. ज्यात सुटायला वाट ठेवलीय, त्याखाली पेन्सिल. 'करील', लाल. 'करण्याचा प्रयत्न करील', पेन्सिल. 'नोंद घेते', पेन्सिल. 'आवाहन करते', पेन्सिल, आणि वर सरांचा एक सुस्कारा. एका आख्ख्या करारात लाल रेघा दोन्ही हातांच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. "बघ मंगल, सगळं जग बसून पेन्सिलीनं लिहितं."

ही खोड मग सगळीकडं लागली. शेजारच्यांची लग्नपत्रिका आली, त्यात 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे'. सरांनी त्याखाली पेन्सिलीची रेघ मारली आणि शेजाऱ्याला सांगितलं, "हे बंधनकारक नाही, त्यामुळं मी येत नाही." शेजारी दोन महिने बोलत नव्हता. घरात काकूंनी दळण आणायला सांगितलं की सर विचारायचे, "हा ठराव आहे का आवाहन?" काकू तरी कसल्या खमक्या! "दळण आलं न्हाई तर रातच्याला भाकर न्हाई. ह्येला काय म्हणत्यात तुमच्या वहीत?" सरांनी तेसुद्धा वहीत घातलं. 'अनुपालन न केल्यास होणारे परिणाम: शांताबाई शेटे यांचा दाखला.' खोटं वाटेल, पण हे मी माझ्या हातानं टाईप केलंय.

त्यांची कामाची एक रीत होती. शब्दाचा अर्थ स्वतः लिहायचा नाही. तीन गावांत जायचं, पारावर नाहीतर देवळात बसायचं, सगळी गोष्ट सांगायची, आणि ऐकणाऱ्यातल्या कुणीतरी ती आपल्या भाषेत परत सांगेपर्यंत थांबायचं. ज्यानं सांगितली त्याचं नाव त्या शब्दापुढं. तोवर चहासुद्धा घ्यायचे नाहीत. करारावर सही करणं वेगळं आणि देशात जाऊन तो मंजूर करून घेणं वेगळं, हे समजावता समजावता शहरातले शिकलेले थकतात. तामलवाडीला सरांच्या आजोळी एक म्हातारा ऐकून म्हणाला, "सुपारी फुटली म्हंजे लगीन लागलं न्हाय. अक्षता पडू द्या, मग सोयरं म्हणा." झालं. सरांनी चहा मागवला.

सोनारीला मीही होते एकदा. माझी नणंद तिथली, म्हणून सरांबरोबर गेले. भैरवनाथाच्या देवळाच्या कट्ट्यावर पाचपंचवीस लोक बसलेले. सर सांगत होते, पृथ्वी सगळ्यांची, म्हणून जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्यांनी आजवर जास्त धूर केला त्यांनी जास्त भार उचलायचा, असं करारात म्हटलंय. एकजण म्हणाला, "म्हंजे भंडाऱ्याची पट्टी. ज्येला बागायत त्येला जास्त, ज्येला माळरान त्येला कमी. पर जेवाय समदेच." सर खूश झाले, लिहायला लागले. तेवढ्यात मागून एक बागायतदार करवादला, "व्हय, पर बागायत माज्या आज्यानं केली. आज्याची पट्टी म्या कामून भरू?" सगळे हसले. सर मात्र हसले नाहीत. टाळी वाजवून म्हणाले, "मालक, हेच! हेच ती मोठी राष्ट्रं म्हणतात. तीस वर्षं हेच म्हणत बसलीत!" त्या बागायतदाराचं नावसुद्धा वहीत आहे. 'हरकत घेणारे' म्हणून.

पण वहीतलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे कोंडामावशीचं. कोंडामावशी माझी माहेरची शेजारीण. शेत नाही, नवरा कधीच गेलेला, सून आणि दहा-बारा शेरडं एवढाच संसार. गावाला चाळीस एकर गायरान आहे, त्यावर शेरडं चरणार आणि त्यावर मावशीची चूल पेटणार. सर तिथं जाऊन तिच्याशेजारी दगडावर बसायचे. एकदा शब्द होता 'मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती'. म्हणजे कुणाच्या जमिनीवर, जंगलावर काही करायचं तर त्या लोकांना आधी विचारायचं, सगळं सांगून विचारायचं, आणि दबाव आणायचा नाही. मावशी म्हणाली, "म्या काय शिकल्याली न्हाय मास्तर. पर मांडव घालायच्या आदी पोरीला इचारावं. मांडव घातल्यावर इचारलं तर ती काय म्हणंल? आन् न्हाय म्हणायची मुभा द्यावी, न्हायतर इचारू बी नये."

सरांनी ते वाक्य मला तीनदा वाचून दाखवलं. "मोठमोठ्या वकिलांना जमलं नाही गं हे."

आणि एक शब्द होता, त्याच्यावर सर दोन वर्षं अडले होते. सहमती. जगाच्या त्या मोठ्या सभांमधे मत टाकत नाहीत. अध्यक्ष मजकूर वाचतो, सगळीकडं बघतो, कुणी देशाची पाटी उभी केली नाही की हातोडी आपटतो. झालं, सर्वानुमते मंजूर. तिथं गप्प म्हणजे होकार. आणि आपल्याकडं? स्थळ पसंत नसलं तर कुणी तोंडावर नाही म्हणतं का? पोहे खातात, 'कळवतो' म्हणतात आणि कळवतच नाहीत. समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं. पाहुण्याला नाही म्हणणं म्हणजे त्याची इज्जत काढणं, म्हणून आपला नकार गप्पच असतो. सर म्हणायचे, "मंगल, हा शब्द मी आपल्या लोकांना कसा सांगू? तिथं आपली माणसं पाठवली तर गप्प बसून नाही म्हणतील, आणि ते लोक होकार लिहून घेतील." ती सगळी अडचण त्यांनी वहीत दोन पानं भरून लिहिली. ती पानं टाईप झाली, त्यांची एक प्रत सरांनी बालाजीला पाठवली.

बालाजी तोवर मोठा झाला होता. पुण्यात शिकला, पर्यावरणातली कसली तरी पदवी घेतली, एका संस्थेतर्फे परदेशात तसल्या जागतिक परिषदेला जाऊन आला. निरीक्षक म्हणून, म्हणजे बसायचं, बोलायचं नाही. परत आल्यावर तो सरळ सरांच्या घरी गेला आणि गळ्यातलं ते फोटोवालं ओळखपत्र काढून सरांच्या गळ्यात घातलं. सर दोन दिवस ते घालून कळंबमधे हिंडले. बँकेतसुद्धा. माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "माझ्या वर्गातला पोरगा तिथं बसून आला, मंगल." डोळे पुसायला रुमाल सापडेना, टरफलं सापडली. त्या दिवशी माझेही डोळे भरून आले होते, उगाच कशाला खोटं सांगू?

मग बालाजी एका कंपनीत लागला. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ती कंपनी ओसाड जमिनीवर झाडं लावते, ती झाडं जेवढा धूर शोषतील त्याचं प्रमाणपत्र करते आणि ते परदेशी कारखान्यांना विकते. म्हणजे त्यांनी तिकडं धूर करायचा आणि इकडं आपल्या झाडांचा दाखला दाखवायचा. बालाजीनं आपल्या गावचं गायरान सुचवलं. गावाला सौर दिवे, शाळेला संगणक, झाडं लावायला गावच्याच बायकांना मजुरी. ग्रामसभेचा ठराव तेवढा पाहिजे होता.

त्या ठरावाचे आणि माहितीपत्रकाचे शंभर शंभर झेरॉक्स माझ्याच दुकानात निघाले. सभेच्या दोन दिवस आधी. माहितीपत्रकावर कोंडामावशीचा शेरडांसकट फोटो आणि खाली तिचं वाक्य, 'मांडव घालायच्या आदी पोरीला इचारावं.' वहीतलं. सरांनी बालाजीला विश्वासानं दिलेलं. मला बरं वाटलं नाही, पण म्हटलं, असेल, आपल्याच मावशीचं नाव होतंय.

आता मला वाचायची खोड आहे. मशीन चालू असलं की मी प्रत्येक कागद वाचते. कुणाचा सातबारा, कुणाचा घटस्फोट, सगळं. सर चिडवायचे, "मंगलला विचारा, तिला तालुक्याची भानगड पाठ आहे." तर मी ठराव वाचला. तिसऱ्या पानावर होतं: 'सदर क्षेत्रावर प्रकल्प कालावधीत चराई प्रतिबंधित राहील.' आणि कालावधी तीस वर्षं. प्रतिबंधित राहील. सरांनी बघितलं असतं तर लाल रेघ मारली असती. आणि सौर दिवे, संगणक जिथं होतं तिथं 'यथाशक्ती प्रयत्न करण्यात येईल'. सगळी पेन्सिल! इतकी वर्षं सरांच्या वहीचं टायपिंग केलेली बाई मी, मला कळणार नाही होय?

मला कळलं. फोन हातात होता. सरांना लावणारही होते. मग म्हटलं, जाऊ दे, सर स्टेजवर असणार आहेत, बालाजीचे प्रमुख पाहुणेच आहेत ते. सर वाचतीलच. सर बघतील. मी गठ्ठा बांधला आणि दिला.

सभेला मी गेले. माहेरचं गाव, शिवाय उरलेले कागद पोचवायचे होते. शाळेच्या मोठ्या खोलीत माणूस मावत नव्हतं. बालाजीनं सगळ्यांत आधी सरांना शाल घातली, श्रीफळ दिलं आणि सगळ्या गावासमोर त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "मी आज जो आहे तो सरांच्या एका 'उद्या सांगतो'मुळं." टाळ्या. मग म्हणाला, "आमच्या कोंडामावशी म्हणतात तसं, मांडव घालायच्या आधी तुम्हाला विचारायला आलोय." बायका हसल्या. मावशीनं लाजून पदर तोंडाला लावला. किती गोड बोलत होता! तिसऱ्या पानाचं नाव काढलं नाही.

मी दाराशी उभी होते, तिथून सर दिसत होते. त्यांच्या मांडीवर ठरावाचा कागद होता. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. तिसऱ्यावर थांबले. खिशातून लाल पेन काढलं, टोपण काढलं.

बालाजी म्हणाला, "कुणाची काही हरकत?"

सगळी खोली गप्प. पुढं बसलेले म्हातारे गप्प, बायका गप्प. सगळे सरांकडं बघत होते. बालाजी सरांकडं वळला, हात जोडले, वाकला. "सर, तुमची काही सूचना?"

सरांनी त्याच्याकडं बघितलं. मग पेनाला टोपण लावलं आणि मान हलवली. नाही.

"सर्वानुमते मंजूर," बालाजी म्हणाला.

खरी गंमत, गंमत कसली, खरा घात पुढं आहे. सभा सुटल्यावर नामदेवआबा, गावातले सगळ्यात जुने, घरी जाताना मला म्हणाले, "बरं झालं. कुणीच व्हय म्हणलं न्हाय. आता त्ये पोरगं समजून घेईल." सगळे म्हातारे तसंच समजून घरी गेले. पाहुण्याला नाही म्हणायची त्यांची जी रीत, तीच त्यांनी पाळली होती. तरण्यांना काही वाटलं असेल तर ते म्हणत होते, मास्तर स्टेजवर होते, वावगं असतं तर बोलले असते. आणि बालाजीला दोन्ही माहीत होतं. गप्प म्हणजे तिथं काय आणि इथं काय, ते त्यानं सरांच्याच दोन पानांत वाचलेलं होतं. ती पानं मीच टाईप केली होती.

महिन्याभरात तारेचं कुंपण आलं. राखणदार आला. कोंडामावशी शेरडं घेऊन गेली तर त्यानं फाटकातून परतवून लावलं. आबा पंचायतीत जाऊन भांडले. "कोण व्हय म्हणलं? नाव सांगा की!" त्यांना सभेचं प्रोसिडिंग दाखवलं. हरकत: निरंक.

सरांनी बालाजीला फोन लावला तो माझ्या दुकानातून. कमी ऐकू यायला लागलं होतं म्हणून स्पीकरवर. "बालाजी, ते चराईचं काढून टाक बाबा. निदान दहा-पंधरा एकर सोड. त्या बाईचं पोट आहे त्याच्यावर."

तिकडून तो म्हणाला, अगदी नम्र आवाजात, "सर, प्रक्रिया पूर्ण झालीय. आणि तुम्ही स्वतः हजर होता ना. तुम्ही हरकत घेतली नाहीत." मग म्हणाला, "तब्येतीला जपा सर."

सरांनी फोन काउंटरवर ठेवला. मी पेटले होते. म्हणजे बालाजीवर तर होतेच, पण सरांवर जास्त. तोंडावर बोलले, "सर, तुम्ही वाचलं होतं. मी बघितलं. पेन काढलं होतं तुम्ही. का गप्प बसलात? आख्खं गाव तुमच्या तोंडाकडं बघत होतं!"

सर म्हणाले, "अंगावर शाल असताना हरकत घ्यायची सवय नाही गं आपल्याला." आणि मग, "मला वाटलं, पोरगा मला सभेनंतर विचारील. मग सांगू. चारचौघांत त्याला खाली कसं बघायला लावायचं?"

मी म्हणाले, "आता गाव बघतंय की खाली."

त्यांनी मान डोलवली. मग एकदम विचारलं, "मंगल, ते कागद तुझ्याकडंच झेरॉक्स झाले ना? तू वाचले नव्हतेस?"

"न्हाई सर," मी म्हणाले. "लई गर्दी होती त्या दिवशी."

त्यांनी बरं म्हटलं. शेंगा काउंटरवर तशाच राहिल्या, पिशवी घेऊन गेले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत.

गावात जाऊन ते मावशीला भेटले, ते मला मावशीनंच सांगितलं. पाऊस झाला होता, कुंपणाच्या आत गवत गुडघ्याला लागत होतं आणि बाहेर शेरडं कोरड्या काट्या चघळत होती. सर म्हणाले, "कोंडाबाई, माझी चूक झाली." मावशी म्हणाली, "मास्तर, तुमी माज्याकडनं शबूद घिऊन गेलाव. म्या काय मागितलं तुमाला? एक डाव तुमी बोलायचं हुतं." तिनं शेरडं विकायला काढली. सहा गेली. उरलेल्यांसाठी ती पार ओढ्यापर्यंत जायची, लोकांच्या बांधावर शिव्या खायची.

सरांना मी शेवटचं बघितलं ते पुढच्या ग्रामसभेत. मी का गेले होते, कुणास ठाऊक. कुणीतरी सांगितलं होतं की सर ठराव रद्द करायला अर्ज देणार आहेत, म्हणून असेल. तीच शाळेची खोली, माणसं जेमतेम पंधरा. कोंडामावशी भिंतीशी बसली होती. शांताकाकू सरांना हाताला धरून आत घेऊन आल्या. किती वाळले होते! शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, पण आत मान सैल फिरत होती.

सर उभे राहिले. ग्रामसेवक म्हणाला, "सर, ठराव रद्द होत न्हाई हो. करार झालाय. तुमी कशाला त्रास घेताय?"

"रद्द करा म्हणून आलो नाही," सर म्हणाले. "नोंद करा म्हणून आलो. त्या दिवशीच्या प्रोसिडिंगला पुरवणी जोडा. लिहा, महालिंग शेटे सभेला हजर होते. त्यांनी तिसरं पान वाचलं होतं. चराई बंद होणार हे त्यांना कळलं होतं. आणि ते गप्प बसले."

ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं. "सर, असं लिवायची पद्धत न्हाई."

"लिहा," सर म्हणाले. "ह्या बाईच्या नातवानं उद्या विचारलं, आपलं गायरान कसं गेलं, तर त्याला 'सर्वानुमते' एवढंच सापडू नये. माझं नाव सापडू दे."

मावशी सरांकडं बघतही नव्हती, पण पदरानं डोळे पुसत होती. ग्रामसेवकानं शेवटी वही ओढली आणि लिहायला लागला. सर एकेक शब्द सांगत होते, तो लिहीत होता. संपल्यावर तो म्हणाला, थोडं चिडूनच म्हणाला, "बरं, आजून कुणाचं नाव लिवायचंय का सर? कळालेलं, पर गप्प बसलेलं?"

सरांनी वर बघितलं. दाराकडं. सरळ माझ्याकडं. त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं, मी कागद वाचल्याशिवाय मशीनमधनं काढत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? एक शब्द बोलले असते तर माझं नाव त्या पानावर आलं असतं, आणि ते खरं होतं. त्यांनी नाही सांगितलं, तरी मी सांगायला पाहिजे होतं. हात वर करायला किती लागतं? माझा हात पर्सच्या पट्ट्यावर होता, तो तिथंच राहिला. मी खाली, माझ्या चपलांकडं बघितलं.

"नाही," सर म्हणाले. "कळलेला मी एकटाच होतो."

आयुष्यात सरांना मी तेवढं एकदाच खोटं बोलताना ऐकलं.

काकूंनी त्यांना बाहेर आणलं. माझ्या अगदी जवळून गेले, शर्टाला शेंगांचा वास होता. पायरीवर बसून चपला घालताना त्यांचा तोल जात होता, त्यांनी भिंतीला हात टेकला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मी पुढं झाले नाही.